स्पर्धेला पथक न्यायचं तर माणशी वर्गणी किती? ढोल-ताशा पथकाच्या दौऱ्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचं पथक, 62 जण, कोल्हापूरला दोन दिवसांची स्पर्धा. शनिवारी संध्याकाळी प्राथमिक फेरी, रविवारी अंतिम. पहिलं बक्षीस एक लाख, आयोजक प्रवासापोटी 15,000 देणार म्हणतात. माणशी 1,500 वर्गणी पुरेल का, बस घ्यावी की रेल्वे, आणि गेल्या वर्षी अध्यक्षांच्या खिशातून गेलेले 43,000 कसे फेडायचे?

वर्गणीचा आकडा शेवटी ठरतो, सुरुवातीला नाही. त्याआधी दोन गोष्टी नक्की करायला हव्यात: गाडीत नेमकी किती माणसं बसणार, आणि कुठल्या तारखेला किती पैसे खात्यात असणार. दौऱ्यात तोटा होतो तो महागाईमुळे क्वचितच. माणसं 62 म्हणून गाडी ठरवली आणि आली 55, किंवा बक्षीस मिळेल असं धरून खर्च केला, या दोन कारणांनी होतो. गेल्या वर्षीच्या तुमच्या 43,000 ची फोड करून बघा, बहुतेक यातलंच काहीतरी निघेल.

खाली दिलेले दर मी गणितापुरते धरलेत. तुमच्याकडे दर वेगळा निघेल, लग्नसराईच्या तारखांना तर नक्कीच जास्त. पण हिशेबाची रीत तीच राहते.

आधी रेल्वेचं निकालात काढू. नाशिकहून कोल्हापूरला रेल्वेनं जायचं तर मनमाडला जाऊन महाराष्ट्र एक्सप्रेस धरावी लागते. माणसांच्या तिकिटात पैसे वाचतात हे खरं. पण ढोल डब्यात नेता येत नाही. सोबत ठेवायच्या सामानाला वजनाची मर्यादा आहे, स्लीपरला माणशी 40 किलो मोफत, आणि मापाचीही आहे: 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर. ढोल वजनात बसेल, मापात नाही. म्हणजे सगळे ढोल ब्रेक व्हॅनला, म्हणजे सामानाच्या डब्याला, बुक करायचे, आणि वाटेतल्या स्टेशनवर गाडी थांबते त्या चार-दोन मिनिटांत 40 ढोल चढवायचे. चढले नाहीत तर माणसं कोल्हापुरात, ढोल मनमाडात. वाद्यांसाठी टेम्पो करावाच लागणार असेल आणि दोन्ही टोकांना स्टेशनपर्यंतची गाडीही, तर वाचलेले पैसे तिथेच जातात. वाद्यं कमी आणि गाडी सुटते तिथून शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं असेल तरच रेल्वेचा विचार करा. आणि तेव्हाही आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधीच सुरू होतं, एका तिकिटावर सहाच नावं बसतात, मोठ्या गटासाठी रेल्वेकडे वेगळा अर्ज लागतो, हे धरून चाला. एसटीची प्रासंगिक करारावरची, म्हणजे एका दौऱ्यापुरती भाड्यानं घेतलेली, गाडी हा तिसरा पर्याय आहे. आगारात जाऊन लेखी दर आणा आणि खासगी बसच्या दराशेजारी ठेवून बघा. मात्र किमान किलोमीटर आणि खोळंब्याचा आकार (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) दोन्हीकडे विचारा, नाहीतर तुलना खोटी ठरते.

आता गाडीचं गणित. इथेच पैसे वाचतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

नाशिक-कोल्हापूर पुणेमार्गे साधारण 440 किलोमीटर. जाऊन-येऊन 880, वर गॅरेज ते मैदान आणि गावातलं फिरणं 40, एकूण 920. खासगी बसवाला मात्र दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतो, आणि त्याचा दिवस म्हणजे तारीख. रात्री बाराला तारीख बदलली की नवा दिवस. शुक्रवारी रात्री दहाला निघालात आणि रविवारची अंतिम फेरी वाजवून सोमवारी सकाळी परत पोचलात, तर तारखा झाल्या चार. बिल 1,200 किलोमीटरचं, गाडी धावली 920. तेच शनिवारी रात्री साडेबाराला, म्हणजे शुक्रवारची मध्यरात्र उलटल्यावर निघालात तर तारखा तीन, किमान 900, आणि तुम्ही 920 चेच पैसे देता. 55 रुपये किलोमीटरच्या बसला फरक 15,400 चा, बसमध्ये न मावणाऱ्यांसाठी घ्यायच्या 26 रुपयांच्या छोट्या ट्रॅव्हलरला 7,280 चा. अडीच तास उशिरा निघण्याचे 22,680 रुपये. सकाळी दहाच्या सुमारास तुम्ही कोल्हापुरात असता, फेरी संध्याकाळी. काहीही बिघडत नाही.

रात्रीच्या 440 किलोमीटरला बसवर दोन चालक मागा आणि त्यांचा भत्ता हिशेबात धरा. कायद्यात चालकाचं दिवसाचं काम आठ तासांचं धरलंय. एकाच माणसाकडून रात्रभर गाडी हाकून घेणं कायद्यातही बसत नाही, शहाणपणातही नाही. ट्रॅव्हलरला दुसरा चालक मिळत नसेल तर ती शुक्रवारी संध्याकाळी पुढे काढा आणि पुण्यात मुक्काम करा. मग त्या एका गाडीला चौथी तारीख लागेल. ते 7,280 आणि मुक्कामाचा खर्च सुखानं द्या.

तर 49 आसनी बसचे 920 गुणिले 55 म्हणजे 50,600. दोन चालकांचा तीन दिवसांचा भत्ता 3,000, टोल आणि पार्किंग 6,000. झाले 59,600. उरलेल्या 13 जणांसाठी 17 आसनी ट्रॅव्हलर: 23,920, भत्ता 1,500, टोल 2,000, म्हणजे 27,400 च्या आसपास. वाद्यांना 14 फुटी आयशर टेम्पो. तो बहुधा खेपेवर ठरतो. दोन मुक्कामांसह जाऊन-येऊन 34,500 धरू. गाड्यांचे एकूण 1,21,500.

जेवणखाण माणशी 600: दोन नाष्टे, चार जेवणं, चहा, परतीचं काहीतरी. 62 जणांचे 37,200. मुक्कामाचा हॉल गाद्यांसकट 12,000, प्रवेश शुल्क 5,000, वाद्यांची दुरुस्ती आणि सुटं सामान 6,000, औषधं-पाणी-किरकोळ 3,000. बेरीज 1,84,700. त्यावर आठ टक्के अडीअडचणीला. एकूण 1,99,500, म्हणजे माणशी सव्वातीन हजारांच्या आतबाहेर.

आता हेच 49 जणांचं करा. ट्रॅव्हलर गेली, जेवण 29,400 वर आलं, बाकी तसंच. एकूण 1,61,500. माणशी पडतात जवळपास 3,300. म्हणजे माणशी आकडा किंचित वाढला, पण एकूण खर्च 38,000 नी उतरला. शेवटच्या 13 जणांपैकी प्रत्येक जण पथकाला सुमारे 2,900 ला पडतो आणि तो देतो 1,500. तुम्ही फक्त माणशी खर्च बघत असाल तर हे कधीच दिसणार नाही. उलट जितके जास्त तितकं स्वस्त असंच वाटत राहील.

त्यातही सगळ्यात वाईट संख्या म्हणजे 50 ते 54. पन्नासावा माणूस एकटा 27,400 ची ट्रॅव्हलर घेऊन येतो. म्हणून संख्या ठरवताना दोनच थांबे ठेवा: 49, नाहीतर थेट 60 ते 66. मधलं काही नको. 49 वर येणं वाजवण्याच्या दृष्टीनं परवडेल का, हे वादनप्रमुखांनी सांगायचं, खजिनदारानं नाही. स्पर्धेच्या नियमांत वादकांची किमान आणि कमाल संख्या दिलेली असते, ती आधी वाचा. मोकळ्या मैदानात 40 ढोलांचा भरणा वेगळाच लागतो, पण 30 ढोलांत हात एकसारखे पडतात आणि ताशांची तर्री (काड्यांचं जलद वादन) स्वच्छ ऐकू येते. परीक्षक गुण कशाला देणार यावर ते ठरेल.

दोन-चार माणसं टेम्पोत मागे ढोलांबरोबर बसवून आसनं वाचवायचा मोह होतो. करू नका. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो. केबिनमध्ये गाडीच्या कागदावर जेवढी आसनं आहेत तेवढीच. तिथे एक जाणता कार्यकर्ता बसवा, म्हणजे वाद्यांवर लक्ष राहतं.

टेम्पो कितीचा घ्यायचा हे अंदाजानं ठरवू नका, मोजा. समजा तुमचा ढोल 24 इंच व्यासाचा आणि 18 इंच रुंद. हौदा 14 बाय 6 फूट, उंची 6. तळाला लांबीत सात आणि रुंदीत तीन, म्हणजे 21 ढोल आडवे, पान (ज्यावर वाजवतात तो ताणलेला पडदा) वर करून बसतात. दोन थरांत 42. तुमचे 40 ढोल तीन फुटांत मावले, वर ध्वजांच्या काठ्या आणि बॅगा. 17 फुटी गाडीची गरजच नाही. तिसरा थर रचता येतो, पण खालच्याचा जीव जातो. दोन थरांच्या मध्ये जुनं प्लायवुड किंवा जाड गादी घाला. नुसते एकावर एक ठेवले की सुरुवातीला कडीवर कडी (ढोलाच्या काठाचं गोल कडं) बसलेली दिसते, पण पहिल्याच गतिरोधकाला वरचा ढोल सरकतो, त्याची कडी खालच्या पानावर टेकते आणि कोल्हापूरपर्यंत पानावर गोल वळ उठतो. संध्याकाळी वाजवताना ते पान बरोबर त्याच रेषेवर फाटतं. चामड्याची पानं असतील तर दोरी थोडी सैल करून न्या आणि हौद्यावर ताडपत्री पक्की बांधा, हिवाळ्यातल्या रात्रीचं दव पान मऊ पाडतं. ताशे टेम्पोत टाकूच नका. ते बसमध्ये, ज्याचा त्याच्याजवळ.

दुरुस्तीच्या 6,000 त काय येतं, तर चार-पाच सुटी पानं, दोरीची दोन बंडलं, टिपरू (ढोल वाजवायच्या काठ्या) पंचवीस-तीस, ताशाच्या काड्या तीन-चार डझन, कमरेचे जादा पट्टे चार आणि बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी भरपूर. हे सगळं नाशिकहून न्या. स्पर्धेच्या गावात रविवारी सकाळी पान शोधत फिरणं म्हणजे दुप्पट भाव आणि अर्धा दिवस.

पुढचा प्रश्न पैसे कधी यायचे याचा. 62 जणांचे 1,500 प्रमाणे 93,000. खर्च 1,99,500. तफावत 1,06,500. 49 जणांचं बघाल तर तफावत 88,000. ही तफावत बक्षिसातून भरायची असं कोणी बैठकीत बोललं तर तो ठराव लिहून घेऊ नका. बक्षीस एकाच पथकाला मिळतं. आणि मिळालं तरी धनादेश हातात पडेपर्यंत बसवाला थांबत नाही. आयोजकांचे 15,000 सुद्धा परतल्यावरच येतात असं धरा आणि ते लेखी घ्या: किती, केव्हा, कोणाच्या नावे. फोनवर ‘बघू, करू’ म्हणालेली रक्कम शून्य मोजायची.

तफावत भरायची ती हंगामातल्या सुपाऱ्यांच्या, म्हणजे वादनाच्या कामांच्या, पैशातून. गणेशोत्सवात पैसा एकदम येतो आणि दिवाळीपर्यंत कपडे, नवे ढोल, स्नेहभोजन यांत विरून जातो. म्हणून सुपारीची रक्कम आली की त्याच दिवशी वाटणी करा. माझी शिफारस वीस टक्के दौरा निधी, पंचवीस टक्के वाद्य निधी, बाकी चालू खर्चाला. टक्के तुमच्या सुपाऱ्यांच्या आकड्यावर बदलतील, पण वाटणी पैसे येताना व्हायला हवी, उरल्यावर नाही. उरत नाही. प्रायोजकाकडे जायचं तर ‘मदत करा’ म्हणून जाऊ नका, एक नेमकी वस्तू मागा: ट्रॅव्हलरचं भाडं, किंवा 62 टी-शर्ट, किंवा एका दिवसाचं जेवण. शहरातल्या सराफाला किंवा बिल्डरला 27,400 चं बिल देणं सोपं जातं. फक्त टी-शर्टवर त्याचं नाव छापण्याआधी स्पर्धेच्या प्रायोजकांशी टक्कर होत नाही ना, ते आयोजकांना विचारून घ्या.

वर्गणी तीन हप्त्यांत घ्या. नाव देताना 500, तीस दिवस आधी 500, पंधरा दिवस आधी 500. पहिला हप्ता नाव देतानाच घ्यायचं कारण एवढंच की पैसे दिल्याशिवायचं नाव खरं नसतं. पंधरा दिवस आधी यादी बंद. त्यानंतर कोणी गळलं तर बदली वादक मिळाला तरच पैसे परत, नाहीतर नाही, आणि हा नियम पहिल्या पावतीवर छापलेला हवा. नंतर सांगितला की भांडण. ज्यांना 1,500 जड जातात त्यांच्यासाठी चार-पाच जागांचे पैसे दौरा निधीतून बाजूला ठेवा. कोणाला सूट दिली ते अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांनाच माहीत असावं. तो मुलगा ढोल बांधून उभा असताना ते कोणाच्या तोंडी येऊ नये.

मागे फिरायची तारीखही आधीच ठरवा. दहा दिवस आधी खात्यातली शिल्लक, दिलेले आगाऊ पैसे धरून, अडीअडचणीची रक्कम सोडून बाकी सगळ्या खर्चाएवढी असली पाहिजे. नसेल तर 49 वर उतरा. तेही जमत नसेल तर जाऊ नका. बसवाल्याशी बोलताना रद्द करण्याच्या अटी याच तारखेला धरून ठरवा. इसार तीस टक्क्यांच्या वर देऊ नका, निम्मे निघताना, उरलेले परतल्यावर. कराराच्या कागदावर गाडीचा नंबर, आसनं, किमान किलोमीटर, चालक किती, टोल कोणाकडे, हे सगळं. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो. ऐनवेळी दुसरीच, 45 आसनी गाडी दारात उभी राहिली तर चार मुलं उभी राहून येतील की घरी थांबतील, हा निर्णय रात्री बारा वाजता रस्त्यावर करू नये.

आठ टक्के कशासाठी हे विचाराल. स्पर्धेत सगळ्यात जास्त घसरतं ते वेळापत्रक. चिठ्ठ्यांत तुमचा नंबर शेवटचा आला, आधीची पथकं लांबली, आणि रात्रीचे दहा वाजले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार दहानंतर उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देतं, पण तुमच्या स्पर्धेची तारीख त्यात असेलच असं नाही. मग उरलेली पथकं दुसऱ्या दिवशी सकाळी. रविवारची अंतिम फेरी अशी सोमवारवर गेली तर आणखी एक मुक्काम, दोन जेवणं, आणि सोमवारी रात्री उशिरा निघालात तर चौथी तारीख. आठ टक्क्यांचे 14,800 त्यालाही पुरे पडत नाहीत. म्हणून आयोजकांना आधीच विचारा: दहाच्या आत संपलं नाही तर काय? ज्यांच्याकडे उत्तर नाही त्यांच्या स्पर्धेला आठ नाही, पंधरा टक्के धरा.

दौऱ्यावर रोख एकाच माणसाकडे नको. खजिनदाराकडे 15,000 आणि जेवणाची व्यवस्था बघणाऱ्याकडे 10,000 उचल, बाकी सगळं पथकाच्या खात्यातून. वैयक्तिक यूपीआयवरून पैसे देऊन ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही, गेल्या वर्षीचे 43,000 असेच वाढले असणार. ज्याला बिल मिळत नाही, हमाल, चहाची टपरी, त्याला साधं व्हाउचर, सहीसकट. रोज झोपण्याआधी दोघांनी बसून रोख मोजायची. वीस मिनिटांचं काम आहे. घरी परतल्यावर तेच करायला घेतलं तर तीन आठवडे जातात आणि दोन-तीन हजारांचा मेळ बसत नाही.

तुमच्या प्रश्नात पथकाची नोंदणी आहे की नाही ते नाही. नसेल तर करून घ्या, 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून. त्याशिवाय पथकाचं पॅन आणि पथकाच्या नावाचं खातं निघणं अवघड, मग बक्षिसाचा आणि सुपारीचा धनादेश अध्यक्षांच्या नावानं निघतो आणि त्यांच्या उत्पन्नात दिसतो. कंपनीची सुपारी असेल तर टीडीएस कापला जातो, तोही त्यांच्याच पॅनवर जमा होतो. वर्षाची एकूण सुपारी वीस लाखांच्या जवळ जात असेल तर जीएसटीबद्दल सीएला आत्ताच विचारा. खातं दोघांच्या सहीचं ठेवा.

राहिले अध्यक्षांचे 43,000. ते देणगी होते की उसने, हे आधी त्यांनाच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. उसने असतील तर ताळेबंदात देणं म्हणून दाखवा, तारखेसकट. या दौऱ्याच्या वर्गणीतून एक रुपयाही त्याकडे वळवू नका. ज्या मुलानं कोल्हापूरसाठी 1,500 दिलेत त्यानं गेल्या वर्षीचं फेडायचं नाही. पुढच्या हंगामातल्या पहिल्या चार सुपाऱ्यांच्या चालू खर्चाच्या भागातून दर वेळी 10,750 त्यांच्या खात्यात टाका आणि पावती घ्या. यंदा त्यांनी पुन्हा ‘मी घालतो, नंतर बघू’ म्हटलं तर नको म्हणा, आणि 49 जणांची यादी काढायला बसा.